'ऑफेन्स' म्हणजे नक्की काय? गुन्हा, अपमान की आगळीक?

शब्दपारखी (धागाकर्ती)

एका कंपनीची कर्मचारी-नियमावली इंग्रजीतून मराठीत आणायचं काम सध्या हाती आहे. मजकूर तसा सरळ आहे, पण 'ऑफेन्स' हा शब्द पानोपानी आडवा येतोय. आधी कुणीतरी केलेला कच्चा अनुवाद सोबत मिळालाय आणि त्यात या शब्दासाठी सरसकट 'गुन्हा' वापरलाय. त्यामुळे काय काय झालंय बघा.

शिस्तभंगाच्या कारवाईचा एक तक्ता आहे. 'फर्स्ट ऑफेन्स' असेल तर तोंडी समज, 'सेकंड ऑफेन्स'ला लेखी ताकीद, तिसऱ्या वेळी चौकशी. आता या तक्त्यात येणारे 'ऑफेन्स' कोणते? उशिरा येणं, ओळखपत्र न लावणं, न कळवता रजा घेणं. आणि मराठीत झालंय 'पहिला गुन्हा', 'दुसरा गुन्हा'. दहा मिनिटं उशिरा आलेल्या माणसाच्या कागदावर 'गुन्हा' असा शब्द पडणार आणि तो कागद त्याच्या सेवापुस्तकात कायमचा राहणार. वाचूनच अंगावर काटा आला.

पुढच्या प्रकरणात सहकाऱ्यांशी कसं बोलावं याचे नियम आहेत. कुणाला 'ऑफेन्स' वाटेल अशी भाषा, विनोद, चित्रं टाळावीत. इथे 'गुन्हा' बसतच नाही, म्हणून अनुवादकाने 'अपमान' घातलाय. तोही पुरता बसत नाही. एखाद्या अचकट विचकट विनोदाने माझा अपमान होतोच असं नाही, पण मला तो खटकतो, किळस येते, तिथे बसवत नाही. त्याला अपमान कसं म्हणायचं?

तिसरीकडे खरोखरच फौजदारी ऑफेन्स आहे: कर्मचाऱ्यावर असा काही आरोप दाखल झाला तर त्याने किती दिवसांत कळवायचं वगैरे. तिथे 'गुन्हा' बरोबर.

आणि चौथं वाक्य तर कळस आहे. 'ऑफेन्सिव्ह वर्तन हा या नियमांखाली ऑफेन्स मानला जाईल.' एकाच वाक्यात एकाच मुळाचे दोन शब्द, दोन वेगळ्या अर्थांनी!

माझं मत असं की या शब्दाचे दोन मुख्य अर्थ दोन वेगळ्या दिशांना बघतात. एक नियमाकडे बघतो: काय मोडलं? दुसरा माणसाकडे बघतो: कोण दुखावलं? नियम मोडूनही कुणी दुखावलेलं नसेल, आणि कुणी मनापासून दुखावलेलं असूनही एकही नियम मोडलेला नसेल. इंग्रजी माणूस एकाच शब्दात दोन्ही बोलतो आणि संदर्भावरून समजून घेतो. मराठीत आपल्याला दर वेळी निवड करावी लागते, आणि निवड चुकली तर माणसाचं नुकसान होऊ शकतं. जाणकारांनी भर घालावी.

कलमनामा

धागा आवडला. कायद्याच्या बाजूने थोडं लिहितो.

कायद्यात 'ऑफेन्स' हा फार कोरडा शब्द आहे. आपल्याकडे १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमात त्याची व्याख्या आहे: त्या वेळी अमलात असलेल्या कोणत्याही कायद्याने शिक्षापात्र ठरवलेली कृती किंवा अकृती. संपलं. ती कृती नीच आहे का, पाप आहे का, तिने कुणाचं मन दुखावलं का, काही विचारलेलं नाही. कायद्याने शिक्षा ठेवली की ऑफेन्स झाला. 'अकृती' हा शब्दही लक्षात घ्या. जे करायला हवं होतं ते न केलं, तरी ऑफेन्स होतो.

म्हणूनच इंग्रजीत 'क्राइम' आणि 'ऑफेन्स' यांच्या वजनात फरक पडतो. चुकीच्या जागी गाडी लावली तर त्याला 'पार्किंग ऑफेन्स' म्हणतात, 'पार्किंग क्राइम' कुणी म्हणत नाही. अमेरिकेत १९६२ मध्ये जी आदर्श दंडसंहिता तयार झाली तिने तर हे रीतसर मांडून ठेवलंय. ज्याला फक्त दंड आहे, तुरुंगवास नाही, तो 'व्हायोलेशन'. तो क्राइम गणला जात नाही. म्हणजे ऑफेन्स हे मोठं छत्र आणि त्याखाली खुनापासून किरकोळ नियमभंगापर्यंत सगळं.

मराठीत पोलीस आणि वर्तमानपत्रं 'गुन्हा' म्हणतात: गुन्हा दाखल झाला, दखलपात्र गुन्हा, अदखलपात्र गुन्हा. पण अधिनियमांच्या मराठी पाठात 'अपराध' जास्त दिसतो. बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा घ्या. त्याचं मराठी नाव 'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम' असं आहे. कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्यांनी 'अपराध' निवडला आणि ठाण्यात मात्र 'गुन्हा'च चालू राहिला.

तुमच्या तक्त्यापुरतं सांगायचं तर तिथे 'गुन्हा' आणि 'अपराध' दोन्ही नकोत. कंपनी म्हणजे न्यायालय नव्हे. 'पहिल्या वेळचा नियमभंग' लिहा. सेवाविषयक नियमांत 'गैरवर्तन', 'गैरवर्तणूक' हेही शब्द रुळलेले आहेत, पण उशिरा येण्याला गैरवर्तन म्हणणं मला जड वाटतं.

मैदानी

खेळाच्या बाजूने बघा, 'नियमभंग' हा अर्थ फार स्वच्छ दिसतो.

फुटबॉलच्या नियमपुस्तकात अकरावा नियम ऑफसाइडचा. त्यात सुरुवातीलाच स्पष्ट म्हटलंय की ऑफसाइड जागी उभं असणं हा स्वतःहून ऑफेन्स नाही. त्या जागी उभं राहून खेळात भाग घेतला, प्रतिस्पर्ध्याला अडथळा केला, तर ऑफेन्स. इथे 'गुन्हा' म्हणालात तर हसू येईल आणि 'अपमान' म्हणालात तर काहीच कळणार नाही.

आता बारावा नियम. लाल कार्ड दाखवण्याजोग्या ऑफेन्सची यादी आहे आणि त्या यादीत एक ऑफेन्स असा आहे: 'ऑफेन्सिव्ह, अपमानकारक किंवा शिवीगाळीची भाषा वा कृती'. शब्दपारखी, तुमचं चौथं वाक्य तिथे जसंच्या तसं सापडलं म्हणायचं! शिवाय 'ऑफेन्सिव्ह' आणि 'अपमानकारक' शेजारी शेजारी ठेवलेत, म्हणजे नियम लिहिणाऱ्यांच्या मते ते दोन वेगळे आहेत.

क्रिकेटमध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेच्या आचारसंहितेत ऑफेन्सच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीला कमीत कमी शिक्षा म्हणजे समज, जास्तीत जास्त सामन्याच्या मानधनाच्या ५० टक्के दंड आणि एक किंवा दोन डिमेरिट गुण. बाद झालेल्या फलंदाजाला डिवचणारे हातवारे केले की पहिल्या पातळीत जातात. आपल्या बातम्यांत मात्र 'अमुक गोलंदाज दोषी, गुन्हा कबूल' असं छापून येतं आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाटतं की पोराला अटक झाली.

आणि तिसरा अर्थ कुणी काढलाच नाही अजून: चढाई. अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉलमध्ये 'ऑफेन्स' म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे आहे ती, हल्ला करणारी बाजू. तिथे उच्चारही बदलतो. एरवी जोर दुसऱ्या अक्षरावर, अफेन्स. मैदानावर जोर पहिल्यावर, ऑऽफेन्स. बास्केटबॉलमध्ये 'ऑफेन्सिव्ह फाउल' म्हणजे चढाई करणाऱ्या खेळाडूने केलेला फाउल. एका समालोचनाच्या मराठी उपशीर्षकात तो 'आक्षेपार्ह फाउल' झालेला मी स्वतः पाहिलाय.

युद्धातही तेच. व्हिएतनाममध्ये १९६८ च्या जानेवारीत सुरू झालेला 'टेट ऑफेन्सिव्ह' म्हणजे टेट सणाच्या वेळची चढाई. ब्रिटनच्या १९५३ च्या कायद्यातलं 'ऑफेन्सिव्ह वेपन' म्हणजे इजा करण्यासाठी बनवलेली किंवा त्या इराद्याने बाळगलेली वस्तू. अपमान करणारं शस्त्र नव्हे.

निळीशाई

सगळं वाचतेय. पण एकाच शब्दाला इतके पाय कसे फुटले? गुन्हा, मन दुखावणं, चढाई, शिवाय 'ऑफेन्सिव्ह स्मेल' म्हणजे दुर्गंध. यांच्यात समान काय आहे ते कुणी सांगेल का? ते कळल्याशिवाय नुसते पर्याय सुचवण्यात अर्थ नाही असं मला वाटतं.

जुनीपाने

निळीशाई, समान आहे 'आपटणं'. लॅटिन 'ऑफेन्डेरे': 'ऑब' म्हणजे समोर, विरुद्ध आणि 'फेन्डेरे' म्हणजे मारणं, धडकणं. कशावर तरी जाऊन आदळणं, ठेच लागणं. यातून सगळे रस्ते फुटतात. नियमावर आदळलात तर गुन्हा. दुसऱ्याच्या मनावर आदळलात तर दुखावणं. शत्रूवर आदळलात तर चढाई. नाकावर आदळला तर दुर्गंध. त्याच 'फेन्डेरे'ला उलट दिशेचा उपसर्ग लागून 'डिफेन्ड' झालं, म्हणजे धडक परतवणं. आणि 'डिफेन्स'चं डोकं उडून जे उरलं ते 'फेन्स', कुंपण.

ठेच लागण्याचा अर्थ इंग्रजीत बराच काळ जिवंत होता. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये 'ठेचेचा दगड आणि ऑफेन्सचा खडक' अशी जोडी येते. खडक कुणाचा अपमान कसा करेल? तिथे अर्थ अडखळण. 'तुझा उजवा डोळा तुला ऑफेंड करत असेल तर तो उपटून टाक' हे वाक्यही तिथलंच. आजचा इंग्रजी वाचक गोंधळतो, कारण डोळा आपल्यालाच कसा दुखावेल? त्या वेळचा अर्थ होता, डोळा तुला अडखळवत असेल, वाट चुकवत असेल तर. मूळ ग्रीक शब्द 'स्कॅन्डलॉन', म्हणजे सापळ्यातली ती काडी, जिला धक्का लागला की सापळा मिटतो. आजचा 'स्कॅन्डल'ही त्यातूनच आला.

आता गंमत म्हणून नव्हे, तर धाग्याच्या विषयासाठी अगदी नेमकं उदाहरण म्हणून 'हॅम्लेट' घेतो. राजपुत्राचा बाप मेलाय, काकाने त्याला मारून गादी आणि राणी दोन्ही घेतलीत. राजवाड्यात नाटक चालू असतं आणि त्या नाटकात खुनाचं सोंग असतं. काका अस्वस्थ होऊन विचारतो, यात काही 'ऑफेन्स' नाही ना? त्याला विचारायचंय, यात कुणाला लागेल असं काही नाही ना? हॅम्लेट म्हणतो, छे, ऑफेन्स कसला, थट्टेत विष घालतात इतकंच. काका विचारतो अपमानाबद्दल आणि हॅम्लेट उत्तर देतो खुनाबद्दल.

त्यानंतर आईच्या दालनात आई मुलाला दटावते: तू तुझ्या वडिलांना फार ऑफेंड केलंस. वडील म्हणजे तिच्या मते आताचा राजा, आणि ऑफेंड म्हणजे दुखावलंस. मुलगा तेच वाक्य उलटवतो: आई, तुम्ही माझ्या वडिलांना फार ऑफेंड केलंत. इथे वडील म्हणजे मेलेला बाप, आणि ऑफेंड म्हणजे अपराध केलात. ती त्याला 'दाउ' म्हणते, तो तिला 'यू'. आपल्या कानाला तो 'तू' आणि 'तुम्ही'मधला थंडपणा लगेच कळतो. मराठीत हे संवाद आणायचे तर एक क्रियापद दोन्हीकडे चालायला हवं, नाहीतर सगळी धार जाते. 'तू त्यांचा अपराध केलास' आणि 'तुम्ही माझ्या बाबांचा अपराध केलात' हे बऱ्यापैकी चालून जातं, कारण जुन्या मराठीत कुणाचा तरी 'अपराध करणं' असं म्हणता यायचं.

आणि 'अपराध' हा शब्दही या कुळातला वाटावा असा आहे. संस्कृतात 'अप' आणि 'राध्' मिळून मूळ अर्थ नेम चुकणं. ज्याचा बाण लक्ष्य सोडून पडला त्या धनुर्धराला अमरकोशात 'अपराद्धपृषत्क' म्हटलंय. ग्रीकांनीही पापासाठी जो शब्द वापरला, 'हामार्तिया', त्याचं मूळ नेम चुकण्यातच आहे. लॅटिनवाल्याला ठेच लागली, संस्कृतवाल्याचा बाण हुकला.

शब्दपारखी

जुनीपाने, फार मोलाचं लिहिलंत. आईच्या दालनातला संवाद कितीदा वाचलाय, पण क्रियापद तेच राहून अर्थ पालटतो हे इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

मला आता क्रियापदांबद्दल बोलायचंय, कारण इंग्रजीत अर्थ ओळखायची खूण तिथेच आहे. ऑफेन्स 'कमिट' केला तर तो नियमभंग आणि तो मोजता येतो: एक ऑफेन्स, तीन ऑफेन्सेस. ऑफेन्स 'कॉज' केला, 'गिव्ह' केला किंवा 'टेक' केला तर ते दुखावणं आणि ते मोजता येत नाही. 'ही टुक अ‍ॅन ऑफेन्स' असं कुणी म्हणत नाही. शिकणाऱ्यांनी हे एवढं धरून ठेवलं तरी निम्मं काम होतं. 'ऑफेंडर' हा शब्द मात्र एकाच बाजूचा उरलाय. ऑफेंडर म्हणजे कायदा किंवा नियम मोडणारा. टोचून बोलणाऱ्याला ऑफेंडर म्हणत नाहीत. उलट 'ऑफेंडेड' म्हटलं की बहुतेक वेळा दुखावलेला.

'टेक' हे क्रियापद मला फार बोलकं वाटतं. दुसऱ्याने दिलं की नाही हा वेगळा प्रश्न, मी घेतलं. आणि मराठीत आपणही 'घेणं'च वापरतो! मनाला लावून घेणं. वाईट वाटून घेणं. अंगाला लावून घेणं. 'तो तसं म्हणाला, पण तू कशाला मनाला लावून घेतेस?' या वाक्यात दुखवणाऱ्याचा वाटा आणि दुखावून घेणाऱ्याचा वाटा दोन्ही सांगून होतात.

'नो ऑफेन्स'लाही मराठीत घरचा शब्द आहे, तो म्हणजे 'राग मानू नका'. जुन्या पत्रांत 'राग नसावा' असायचं. 'नो ऑफेन्स, बट...' आणि 'राग मानू नका, पण...' दोन्हींनंतर राग येण्याजोगंच काहीतरी येतं.

मात्र एक प्रकार मला मनापासून खटकतो. जाहीर माफी मागताना 'इफ एनीवन वॉज ऑफेंडेड' म्हणायचं. आपल्याकडचं 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे' हे त्याचंच भावंड. यात मी काय केलं ते वाक्यातून गायब, उरतं फक्त कुणाचं तरी दुखावणं, तेही 'असेल तर'. ज्याने खरंच चूक केलीय त्याने 'मी असं बोललो, ते चुकलं' म्हणावं. क्रियापदाचा कर्ता लपवून मागितलेली माफी पोचत नाही.

उंबरठा

एक साधा प्रश्न. स्पेलिंग 'सी'ने की 'एस'ने? नियमावलीच्या इंग्रजी प्रतीत दोन्ही दिसत असतील तर काय करायचं?

जुनीपाने

ब्रिटिश पद्धतीत 'सी', अमेरिकन पद्धतीत 'एस'. अमेरिकेत 'एस' रुळवण्यात वेबस्टरचा हात मोठा. १८२८ च्या त्याच्या कोशात ते तसंच आहे. 'ऑफेन्सिव्ह' मध्ये सगळेच 'एस' लिहितात, मग नामातही तोच का नको, असा त्यामागचा विचार. पण अमेरिकेच्या राज्यघटनेत मात्र 'सी' आहे, कारण ती आधीची. एकाच ऑफेन्ससाठी माणसाला दोनदा धोक्यात घालू नये असं सांगणारी पाचवी दुरुस्ती १७९१ मध्ये संमत झाली, तिच्यातही 'सी'च.

ब्रिटिश पद्धतीत 'लायसन्स'चं नाम 'सी'ने आणि क्रियापद 'एस'ने लिहितात, तशी भानगड इथे नाही, क्रियापद मुळातच 'ऑफेंड' आहे. एका दस्तात एकच पद्धत ठेवा म्हणजे झालं.

कलमनामा

शब्दपारखींच्या चौथ्या वाक्याकडे परत येतो, कारण तिथे नुसता भाषेचा प्रश्न उरत नाही.

ब्रिटनच्या २००३ च्या दूरसंचार कायद्यात कलम १२७ आहे. सार्वजनिक इलेक्ट्रॉनिक जाळ्यावरून 'ग्रॉसली ऑफेन्सिव्ह' संदेश पाठवणं हा ऑफेन्स. म्हणजे मनाला लागणारं बोलणं काही मर्यादेपलीकडे गेलं की ते गुन्हा. पण ती मर्यादा कुणी ठरवायची? ज्याला संदेश आला त्याने? २००६ मध्ये असा एक खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे आला. एका माणसाने खासदाराच्या कार्यालयात फोन करून वांशिक शिवीगाळ करणारे निरोप ठेवले होते. न्यायाधीशांनी म्हटलं की ऐकणाऱ्याला प्रत्यक्षात किती लागलं यावर गुन्हा अवलंबून ठेवता येणार नाही. नाहीतर तोच निरोप हळव्या माणसाने ऐकला तर गुन्हा आणि निबर माणसाने ऐकला तर नाही, असं होईल. खुल्या, न्यायी, बहुवांशिक समाजातल्या समंजस माणसाच्या मापाने ते मोजायचं. म्हणजे बघा, 'ऑफेन्सिव्ह' ठरवतानाही न्यायालयाने 'ऑफेन्स वाटला का' हा प्रश्न बाजूला ठेवला.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये हेच दोन शब्द होते, 'ग्रॉसली ऑफेन्सिव्ह', आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. मुख्य आक्षेप मोघमपणाचा. काय लिहिलं म्हणजे आत जाऊ, हे लिहिणाऱ्याला आधी कळायलाच मार्ग नव्हता. मला तो निकाल शब्दार्थाच्या दृष्टीनेही मोठा वाटतो. दुखावलं जाणं हे मनात घडतं, ज्याच्या त्याच्या मनात वेगळं. ते गुन्ह्याच्या व्याख्येत घातलं की व्याख्येला तळच राहत नाही.

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९७६ मध्ये हँडिसाइड खटल्यात सांगून ठेवलंय की अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य फक्त गोड वाटणाऱ्या विचारांना नाही. जे ऑफेंड करतात, धक्का देतात, अस्वस्थ करतात त्यांनाही ते आहे. ब्रिटनमध्ये सार्वजनिक सुव्यवस्थेच्या १९८६ च्या कायद्यातल्या पाचव्या कलमात 'धमकीचे, शिवीगाळीचे किंवा अपमानकारक' शब्द होते. त्यातला 'अपमानकारक' काढून टाकला गेला, तो बदल १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू आहे. फ्रान्सचं तर आणखी वेगळं. तिथे 'ऑफेन्स'चा अर्थ अपमानच, आणि राष्ट्राध्यक्षाचा असा 'ऑफेन्स' करणं हा १८८१ च्या वृत्तपत्र कायद्याखाली गुन्हा होता. २०१३ मध्ये तो रद्द झाला.

निळीशाई

कलमनामा, माहिती उत्तम आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही.

दुखावणं मनात घडतं म्हणून ते नियमाबाहेर ठेवावं, हे राज्याच्या दंडशक्तीबद्दल मान्य. तुरुंगाची गोष्ट आहे, तिथे काटेकोर असायलाच हवं. पण शब्दपारखींचा मजकूर कंपनीचा आहे. तिथे रोज आठ-नऊ तास शेजारी बसायचं असतं. एखादीच्या रंगावरून, वजनावरून रोज टोमणे मारले जातात, आणि विचारलं की उत्तर मिळतं, 'आम्ही कुठे नियम मोडला? तूच मनाला लावून घेतेस.' ते 'घेणं' क्रियापद शब्दपारखींना बोलकं वाटलं, मला त्याची दुसरी बाजू दिसते. सगळा भार घेणाऱ्यावर टाकायला ते फार सोयीचं आहे. म्हणूनच त्या नियमावलीतलं चौथं वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. काही प्रकारचं दुखावणं हे नियमभंगच आहे, असं ते स्पष्ट सांगतं. अनुवादात ते वाक्य गुळमुळीत होता कामा नये.

कलमनामा

हा मुद्दा मान्य. फरक एवढाच करा की कोणतं वर्तन ते नियमात नावानिशी लिहिलेलं असावं: वर्ण, जात, लिंग, शरीर यांवरून टोमणे, लैंगिक विनोद, नक्कल. 'ऑफेन्सिव्ह वर्तन' एवढंच लिहून सोडलं तर त्याचा फायदा नेमका वरिष्ठ घेतात. हाताखालच्याने सरळ प्रश्न विचारला की तो 'ऑफेन्सिव्ह' ठरतो.

उंबरठा

सगळ्या चर्चेत एक मराठी शब्द कुणी घेतला नाही याचं नवल वाटतं: आगळीक. शीर्षकात आहे आणि खाली कुठेच नाही! 'माझ्याकडून काही आगळीक झाली असेल तर क्षमा करा' यात मर्यादा ओलांडणं आहे आणि दुखावणंही आहे. आणि वर्तमानपत्रांत 'सीमेवर पुन्हा आगळीक' असा मथळा येतो तेव्हा त्यात चढाईही येते. मैदानींनी सांगितलेला तिसरा अर्थसुद्धा यात बसतो.

जुनीपाने

उंबरठा, अगदी नेमका शब्द. नियम, मन आणि सीमा तिन्हीकडे तो चालतो. एकच उणीव: आगळीक म्हटलं की मर्यादा माहीत असूनही ओलांडली, असा भाव येतो. न कळत झालेल्या ऑफेन्सला तो थोडा कडक पडेल.

मैदानी

आणि फौजदारीत चालणार नाही. 'आगळीक दाखल झाली' म्हणून चालेल का?

शब्दपारखी

फौजदारीत नाही, पण हॅम्लेटच्या दालनात चालेल: 'तू तुझ्या वडिलांशी आगळीक केलीस', 'आई, तुम्ही माझ्या वडिलांशी आगळीक केलीत'. नियमावलीत मात्र शब्द रोजचा हवा, कारण वाचणाऱ्याला शब्दकोश उघडायला लागला तर नियम पोचलाच नाही.

तर असं ठरवतेय. तक्त्यात 'पहिल्या वेळचा नियमभंग', 'दुसऱ्या वेळचा नियमभंग'. बोलण्या-वागण्याच्या प्रकरणात 'कुणाचं मन दुखावेल किंवा कुणाला अवघडल्यासारखं होईल अशी भाषा, विनोद, चित्रं'. लांब झालं, पण 'अपमान'पेक्षा खरं आहे. फौजदारीच्या कलमात 'गुन्हा'. आणि चौथ्या वाक्यासाठी: 'खाली दिलेल्या प्रकारचं आक्षेपार्ह वर्तन हा नियमभंग आहे आणि त्यावर कारवाई होईल.' 'खाली दिलेल्या प्रकारचं' हे मूळ इंग्रजीत नाही. तशी यादी जोडावी असं कंपनीला वेगळ्या टिपणात कळवते, कलमनामा आणि निळीशाई दोघांचे मुद्दे त्यात घालून. त्यांनी यादी दिली नाही तर ते शब्द काढावे लागतील.

'रिपीट ऑफेंडर' तेवढा राहिलाय. कच्च्या अनुवादात 'सराईत गुन्हेगार' आहे.

निळीशाई

अरे देवा. 'वारंवार नियम मोडणारी व्यक्ती'.

कलमनामा

'व्यक्ती'ऐवजी 'कर्मचारी' ठेवा. कारवाई झाली तरी तो कर्मचारीच असतो.